नव्या गादीवरची बुरशी : ती टीप मागे घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतल्या घरगुती टिपांच्या सदरात नव्या गादीला लागलेल्या बुरशीवर एक उपाय छापून आला आहे. गादीवर आधी ब्लीचचं पाणी फवारावं, ते वाळायच्या आत वरून व्हिनेगर मारावं, मग गादी कडक उन्हात टाकावी आणि रात्री निर्धास्त वापरावी, असा. हा उपाय आपण मागे घ्यावा आणि मागे घेतल्याचं त्याच सदरात, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू मोकळा होतो, आणि व्हिनेगर हे आम्लच आहे. आम्लाबरोबर मिसळू नका, असं ब्लीचच्या बाटलीवर लिहिलेलं असतं. पण ती अक्षरं बारीक असतात आणि वर्तमानपत्राची मोठी, त्यामुळे लोक वर्तमानपत्रावर विश्वास ठेवतात. शिवाय गादी पुसणारा माणूस तिच्यावर ओणवा होऊन, तोंड अगदी जवळ नेऊन काम करतो. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो तिथेच रेंगाळतो. डोळे चुरचुरतात, खोकल्याची ढास लागते, छाती आवळून येते. दमा असलेल्याला तर दवाखाना गाठावा लागेल. अमोनिया असलेल्या क्लीनरशी ब्लीचचा संबंध आला, तर क्लोरामाइन तयार होतं आणि तेही श्वासनलिकेला तसंच जाळतं.

ती टीप वाचून माझ्या भाचीने मला फोन केला. "मावशी, दोन्ही फवाऱ्यांच्या मध्ये किती वेळ सोडू?" दोन्ही बाटल्या तिने आणून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, बाटल्या बंदच ठेव, दोघं मिळून गादी उभी करा आणि खालून कशी दिसते ते मला सांग. वरून तिला कडेचे चार काळपट ठिपके तेवढे दिसले होते. खालच्या बाजूला कमरेपासून खांद्यापर्यंत दोन लांबट पट्टे निघाले, एक तिच्या बाजूला, एक जावईबापूंच्या. मधला भाग जवळजवळ कोरा. ही माहिती ऐकल्यावर मला गादी न बघताही बरंचसं कळलं. ते कसं, हे जरा सविस्तर सांगते, कारण टिपेतली रसायनं धोक्याची आहेत हा तिचा एक दोष झाला. दुसरा दोष असा, की गादीवर बुरशी का येते याचा तिच्यात विचारच नाही.

माझी नोकरीची सगळी वर्षं महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत गेली. बश्यांमध्ये मुद्दाम बुरशी वाढवायची, पारदर्शक चिकटपट्टीने तिचा ठसा उचलायचा, निळ्या रंगद्रव्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवायचा आणि मुलांना सूक्ष्मदर्शकातून दाखवायचा, हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे बुरशीची मला किळस नाही, पण तिला काय लागतं आणि काय लागत नाही हे पक्कं माहीत आहे.

लोकांचा पहिला प्रश्न असतो, गादी तर नवी, मग बुरशी कुठून आली? हवेतून. १७२९ साली पिएर अँतोनिओ मिकेली या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने बुरशीची पूड फळांच्या फोडींवर पेरून दाखवली होती. ज्या जातीची पूड पेरावी त्याच जातीची बुरशी उगवते, म्हणजे ती पूड हे बुरशीचं बी आहे, हे त्याने त्या काळात ओळखलं. हे बीजाणू इतके लहान असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या जातीचे तर अवघे दोन ते तीन मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशोबातले. ते सगळ्यांच्या घरात आहेत, स्वच्छ घरातही आहेत. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ च्या सुमाराला वापरातल्या उशा तपासल्या, तेव्हा एकेका उशीत बुरशीच्या ४ ते १६ जाती सापडल्या. बी घरात येऊ न देणं कुणाच्याही हातात नाही. ते रुजू न देणं हातात आहे, आणि रुजायला त्याला पाणी लागतं.

खायला फारसं लागत नाही. गादीचा फोम बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि गादीत वापरला जाणारा त्याचा प्रकार बुरशीला सहजी पचत नाही. पण गादीच्या कापडावर धूळ असते, अंगावरून झडलेल्या त्वचेचा भुसा असतो, घामातले क्षार आणि तेलकटपणा असतो, सुती खोळ असली तर खुद्द सेल्युलोज असतं. गादी वापरायला लागल्यापासून काही आठवड्यांत एवढा शिधा जमतो. म्हणून गादी जुनी की नवी याला बुरशीच्या लेखी काही अर्थ नाही. ओल किती वेळ टिकते, एवढ्यालाच अर्थ आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं घरांसाठीचं साधं सूत्र आहे, की भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. घरातली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत जास्तीत जास्त मावेल त्या वाफेच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे ते प्रमाण, ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी, जमल्यास ३० ते ५० च्या दरम्यान, हेही त्याच संस्थेचं म्हणणं.

आता नव्या गादीला ओल कुठून मिळते? पाणी सांडलेलं नसतं, छत गळत नसतं, म्हणून लोक गोंधळतात. निवांत पडून असलेल्या माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून चोवीस तासांत सुमारे ८०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन जातं, उकाड्यातला घाम वेगळा. आठ तासांच्या झोपेत हा हिशोब पाव लिटरच्या वर जातो. त्यातलं सगळं गादीत जात नाही, पण काही भाग जातोच, आणि तो खालच्या दिशेने जातो, कारण वर ऊबदार अंग आणि पांघरूण असतं, खाली गार फळी किंवा फरशी. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅमच्या आसपासच. म्हणजे ३० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची साधी हवा घेतली तर तिच्यात १८ ग्रॅम वाफ असते. ती २० अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की वरच्या एक ग्रॅमचं पाणी होतं. एसीने गार झालेल्या खोलीचं दार सकाळी उघडलं आणि बाहेरची दमट हवा आत शिरली की हेच घडतं. गार फरशीवर थेट अंथरलेल्या गादीखाली तर हे रोज रात्री घडू शकतं.

प्रत्यक्ष पाणी सुटलंच पाहिजे असंही नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली तरी घरात आढळणाऱ्या बहुतेक बुरश्यांना तेवढं पुरतं. अ‍ॅस्परजिलसच्या काही जाती तर त्याहून कोरड्यातही वाढतात. मी भाचीला एक साधा आर्द्रतामापक दिला. खोलीत तो ५८ दाखवत होता. रात्रभर गादी आणि फळी यांच्यामध्ये ठेवल्यावर सकाळी आकडा ८० च्या पुढे गेलेला होता. एकाच खोलीत, दोन वेगळी हवामानं. माणसं वरच्या हवामानात राहतात, म्हणून खालचं त्यांना कळत नाही.

भाचीच्या पलंगाखाली सामान ठेवायची पेटी आहे, ती पांघरुणांनी आणि बॅगांनी ठासून भरलेली. वर सलग प्लायवूड, एकही भोक नाही. आणि गादीचं प्लास्टिक वरून फाडलेलं, पण खालच्या बाजूला तसंच ठेवलेलं, नवी गादी मळू नये म्हणून. प्लास्टिकमधून वाफ जात नाही. ती आतल्या बाजूला साचली आणि जिथे दोघांच्या अंगाचा भार आणि ऊब होती तिथेच दोन पट्टे उमटले.

गादी नवी असूनही बुरशी इतकी पसरेपर्यंत कळत का नाही, याचं उत्तर हल्लीच्या गाद्यांच्या घडणीत आहे. खालचा थर टणक, वरचा मऊ, अशा एकाच बाजूने वापरायच्या गाद्या आता सर्रास मिळतात. 'उलटवायची गरज नाही' ही त्यांची जाहिरातीतली खूबी. डोक्याची बाजू पायांकडे करा, असं फार तर सांगतात. गादी जड, दोन माणसं लागतात, त्यामुळे तेही होत नाही. परिणामी खालच्या बाजूला महिनोन्‌महिने ना उजेड लागतो, ना वारा, ना कुणाची नजर. मेमरी फोम तर घट्ट आणि अंगाला लपेटणारा, त्यातून हवा स्प्रिंगच्या गादीइतकी खेळत नाही. माझं ठाम मत आहे, की ज्या गादीवर 'उलटवू नका' असं छापतात, तिच्यावर 'पण उचलून वारा द्या' हेही तेवढ्याच आकारात छापलं पाहिजे.

बुरशी दिसल्यावर पहिलं काम पुसणं नव्हे, फोटो काढणं. डाग कुठे आहेत यावरून दोष कुणाचा हे बरंच समजतं. गादीचं वेष्टण पहिल्यांदा काढतानाच कुबट वास आला, किंवा डाग वर, खाली, कडेला असे कुठेही विखुरलेले असले, किंवा खोळीची चेन उघडल्यावर आतल्या बाजूला सापडले, तर गादी ओलसर गोदामात पडून होती किंवा वाटेत भिजली असा संशय रास्त आहे. अशी गादी ठेवून घेऊ नये. वेष्टणासकट फोटो, लेबल, पावती घेऊन लगेच तक्रार करावी. उलट डाग फक्त खाली, झोपण्याच्या जागेच्या बरोबर पाठीमागे असले, तर ओल आपल्या खोलीतली आहे. भाचीच्या बाबतीत दुसरा प्रकार होता, आणि विक्रेत्याला बुरशीबद्दल मी दोष देत नाही. पण प्लास्टिक पूर्ण काढा आणि सलग फळीवर ठेवू नका, या दोन सूचना त्याने गादी पोचवताना दिल्या असत्या, तर बरंच टळलं असतं. गादीबरोबर आलेल्या पुस्तिकेत डाग पडल्यास वॉरंटी रद्द, हे मात्र स्पष्ट होतं. बहुतेक वॉरंट्यांत हे कलम असतं, म्हणूनच फोटोआधी काहीही फवारू नये. ब्लीचने कापडाचा रंग उडाला की तक्रारीला जागा राहत नाही.

प्रत्येक डाग बुरशीचा नसतो, हेही सांगायला हवं. फोम हवेने आणि उजेडाने पिवळा पडतो, घामाचेही पिवळसर डाग पडतात. बुरशीचे डाग बहुधा ठिपक्यांनी सुरू होतात, काळे, हिरवट, राखाडी किंवा पांढरे, भिंगातून बघितलं तर लवेसारखे किंवा भुकटीसारखे. आणि वास. ओल्या मातीचा, बंद कपाटाचा वास. रंगावरून घाबरू नये आणि रंगावरून निश्चिंतही होऊ नये. 'काळी बुरशी म्हणजे विषारी' असं जे फोनवर फिरत असतं, त्याला अर्थ नाही. काळ्या दिसणाऱ्या जाती पुष्कळ आहेत आणि बऱ्याच सर्वसाधारण आहेत. जात ओळखायला पैसे घालवण्याचीही गरज नाही. जात कुठलीही असो, करायचं तेच आहे. एवढी वर्षं जाती ओळखण्यात घालवलेली बाई हे सांगते आहे, म्हणून तरी वाचकांनी ऐकावं.

ब्लीचबद्दल आणखी एक. ते व्हिनेगरशिवाय वापरलं तरी गादीवर निरुपयोगी आहे. फरशी, काच, टाइल अशा कडक, न शोषणाऱ्या पृष्ठभागांवर त्याचा उपयोग होतो. फोम छिद्रांनी भरलेला असतो. वरच्या वर डाग फिका होतो, बुरशीचे धागे आत शाबूत राहतात, आणि द्रावणातलं पाणी मात्र आत मुरतं. म्हणजे तिला जे हवं तेच आपण ओततो. वाफेच्या यंत्राचंही तसंच. शिवाय बुरशी मेली म्हणून प्रश्न संपत नाही. मेलेले बीजाणू आणि धाग्यांचे तुकडेही शिंका, खोकला, दमा उठवू शकतात. बुरशी नुसती मारून भागत नाही, काढून टाकावी लागते.

ती काढायची कशी? गादी शक्यतो उघड्यावर किंवा बाल्कनीत न्यावी. नेताना जुन्या चादरीत गुंडाळावी, म्हणजे वाटेत घरभर पूड उडणार नाही. तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे, डोळ्यांना चष्मा. झटकायची नाही, काठीने बडवायची तर अजिबात नाही. व्हॅक्युम क्लीनर वापरायचा तर हेपा फिल्टरचा. तो ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवतो, साधा क्लीनर बीजाणू मागच्या बाजूने खोलीत परत फेकतो. खोळ चेनने निघणारी असेल तर काढून, तिच्या लेबलावर चालत असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्यात साबणाने धुवावी. आतल्या फोमवर काही नसेल, वास नसेल, तर गादी वाचली. कापडावर वरवर असेल आणि खोळ निघत नसेल, तर डिटर्जंटच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावं, फडकं प्रत्येक वेळी नव्या बाजूने. काहीजण ७० टक्के अल्कोहोल वापरतात. ते लवकर उडून जातं हा फायदा, पण पेट घेतं, तेव्हा जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको आणि खिडक्या उघड्या हव्यात.

त्यानंतर वाळवणं, आणि इथे घाई करायची नाही. गादी कडेवर उभी करून दोन्ही बाजूंनी पंख्याचा वारा द्यायचा. ऊन हवंच असं नाही. उन्हाने पृष्ठभाग कोरडा होतो, पण त्यातली अतिनील किरणं फोमच्या आत पोचत नाहीत, आणि उघडा फोम किंवा लॅटेक्स उन्हात ठिसूळ होतो, भुगा पडायला लागतो. सावलीतला वाहता वारा जास्त कामाचा. हवा दमट असेल तर खोली बंद करून एसी किंवा आर्द्रता शोषणारं यंत्र लावून पंखा चालू ठेवावा. आपल्या टिपेतलं 'रात्री वापरावी' हे त्यामुळेच चुकीचं आहे. जाड गादी हाताला वरून कोरडी लागते, तेव्हाही तिच्या पोटात ओल असते. अशी गादी त्याच फळीवर परत टाकली की आपण बुरशीला नव्याने अंथरूण घालून देतो.

आणि टाकून कधी द्यायची? खोळ उघडल्यावर फोममध्येच डाग असतील, पूर्ण वाळल्यावरही वास जात नसेल, किंवा पुसल्यावर त्याच जागी पुन्हा उगवत असेल, तर गादी घरात ठेवू नये. नवी आहे म्हणून जीव तुटतो, मला कळतं. पण सच्छिद्र वस्तूंत मुरलेली बुरशी पूर्ण काढणं अशक्यप्राय असतं, म्हणून अशा वस्तू टाकून द्याव्या लागतात, हे याविषयीच्या अधिकृत मार्गदर्शनातही सांगितलेलं आहे. त्यातही घरात तान्हं मूल असेल, कुणाला दमा असेल, कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल, तर प्रयोग करायचेच नाहीत. अशा माणसांनी साफसफाईलाही हात लावू नये, साफसफाईच्या वेळी खोलीत थांबूही नये. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना अ‍ॅस्परजिलसमुळे फुप्फुसांचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत बुरशीचा अमुक आकड्यापर्यंत चालेल असा सुरक्षित आकडा दिलेलाच नाही, ओल आणि बुरशी होऊच देऊ नये, झाली तर काढावी, असंच म्हटलं आहे. दमा बळावणं, खोकला, घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग यांच्याशी ओलीचा संबंध असल्याचे पुरेसे पुरावे आहेत, हेही त्यात आहे. माणूस आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गादीवर नाक टेकून काढतो, म्हणून हे मी इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

भाचीच्या मोठ्या गादीचा फोम स्वच्छ निघाला, म्हणून ती ठेवली. तिच्या मुलाची लहान गादी त्याच पेटीत, त्या फळीखाली ठेवलेली असायची. ती दिसायला बरी होती, पण वास येत होता आणि पोराला रात्रीचा खोकला होता. ती मी टाकायला लावली. त्यावर त्यांच्या घरात थोडी कुरबूर झाली. मला त्याचं काही वाटलं नाही.

मात्र दुसऱ्या एका गोष्टीचं वाटलं. बुरशी निघाली हे कळल्यावर भाचीला घरातल्याच कुणीतरी ऐकवलं, की घराकडे लक्ष नसेल तर असंच होणार. तिने ते मनाला लावून घेतलं. बुरशी म्हणजे बाईचा गलथानपणा ही समजूत इतकी रुजलेली आहे, की लोक डाग लपवतात, वर दुसरी चादर घालतात, आणि तोपर्यंत बुरशी आत उतरते. ती मुलगी रोज खिडक्या लावून खोली ओल्या पोछ्याने पुसत होती, धूळ येऊ नये म्हणून. तिच्या स्वच्छतेतूनच खोलीत पाणी भरत होतं. ओल आणि कळकटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला पटवायला मला लहान गादी टाकायला लावण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

खोलीत करायचे बदल खरं तर मोठे नसतात. सलग फळीऐवजी पट्ट्यांचा पाया, पट्ट्यांमधलं अंतर फोमच्या गादीला ७-८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर फोम खाली दबतो. पट्ट्या जमत नसतील तर प्लायवूडला सुताराकडून हाताच्या अंतरावर भोकं पाडून घ्यावीत आणि खालची पेटी निम्मी तरी रिकामी ठेवावी. पलंग बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं तरी लांब असावा. गादीवर घालायचा वॉटरप्रूफ प्रोटेक्टर पीव्हीसी प्लास्टिकचा असला तर वाफ कोंडतो, श्वास घेऊ देणाऱ्या पातळ पडद्याचाच घ्यावा. उठल्यावर लगेच चादर ताणून वर बेडकव्हर घालू नये. तासभर पांघरूण बाजूला करून गादी उघडी ठेवावी, नीटनेटकेपणा नंतर. झोपायच्या खोलीत धुतलेले कपडे वाळत घालू नयेत. मशीनभर ओल्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. खोलीला लागून न्हाणीघर असेल तर अंघोळीनंतर एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून मधलं दार लावावं. गादी जमिनीवरच अंथरावी लागत असेल, अनेकांना लागते, तर दिवसा ती भिंतीला उभी करावी. याला पैसे पडत नाहीत.

आणि महिन्यातून एकदा दोघांनी मिळून गादी उचलायची, खालून बघायचं, हात फिरवायचा, वास घ्यायचा. फळीही बघायची. फळीवर डाग असतील तर ती डिटर्जंटने घासून, पूर्ण वाळवून मगच गादी ठेवायची.

संपादक महोदय, आपल्या सदरात टिपांसाठी जागा थोडी असते, याची मला कल्पना आहे. एवढं सगळं पत्र छापणं शक्य नसेल, तर निदान दोन वाक्यं छापावीत : ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र किंवा एकामागोमाग वापरू नका, गादीला बुरशी दिसली तर ती उचलून खालची बाजू आणि पलंगाची फळी तपासा. ही दुरुस्ती पुढच्याच अंकात यावी, कारण ती टीप कापून ठेवलेली माझी भाची एकटीच नसणार, आणि ज्यांच्याकडे विचारायला मावशी नाही त्यांनी आतापर्यंत बाटल्या आणल्याही असतील. दुरुस्तीचा मजकूर तपासून हवा असेल, तर मी आनंदाने तपासून देईन.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा शिक्षिका